एक हत्ती आणि एक हरीण

वऱ्हाडात धुऱ्यावरून भांडण झाले नाही असे गाव सापडणे कठीण. वीतभर जमिनीची तक्रार आजोबांनी केलेली असते, वडिलांनी ती दिवाणी कोर्टात नेलेली असते, आणि आता नातू तारखेला जाऊन येत असतो. मूळ धुरा नेमका कोठून जात होता हे तिघांपैकी कोणालाच धडपणे सांगता येत नाही. परंतु राग मात्र सातबाऱ्यावरील नावाप्रमाणे वारसाहक्काने उतरत आलेला असतो. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ ही म्हण आपण सर्वच जण वापरतो, पण बहुधा दुसऱ्याच्या भांडणात. स्वतःच्या बाबतीत ती उच्चारताना जीभ अडखळते.

जुने दुःख खाली ठेवून माणसाला आजच्या दिवसात जगता येते काय, हा प्रश्न साधुसंतांनी आणि तत्त्ववेत्त्यांनी पुष्कळ हाताळलेला आहे. त्यांच्या वाटेने जाण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. मनाच्या तळाशी काय चालते हे आम्हांस दिसत नाही, माणसांनी काय केले आणि त्यातून पुढे काय निघाले एवढेच दिसते. सुदैवाने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देणारे एक घराणे आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात होऊन गेले. त्या घराण्याच्या इतिहासात दोन भांडणे आहेत. एक हत्तीच्या निमित्ताने झाले, दुसरे हरणाच्या. एक भांडण मागे पडू दिले गेले, दुसरे जपले गेले. या दोन्हींचा हिशेब मांडणे हाच या निबंधाचा विषय होय.

ते घराणे म्हणजे सिंदखेडचे जाधव. जालना-मेहकर रस्त्यावरील सिंदखेडराजा हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, रंगमहाल, मोती तलाव, पुतळा बारव आणि लखुजींची ती भव्य, घुमटाची समाधी, हे सारे तेथे आजही उभे आहे. देवगिरीच्या यादवांशी हे घराणे आपले नाते सांगे. सतराव्या शतकाच्या आरंभी लखुजी जाधव हे निजामशाहीतील अत्यंत बलाढ्य मराठा सरदार होते. त्यांची कन्या जिजाबाई वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांना दिलेली होती.

हत्तीची कथा ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आलेली आहे. कवींद्र परमानंदाने ते शिवाजी महाराजांच्या हयातीत रचले. म्हणजे भोसल्यांच्याच दरबारात ही कथा सांगितली गेली, हे ध्यानात ठेवावयास हवे. निजामशहाचा दरबार सुटला. सरदारांची गर्दी बाहेर पडत असता खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी त्या हत्तीवर चालून गेला. शहाजींचे चुलतभाऊ संभाजी आणि खेळोजी हे हत्तीच्या धन्याच्या बाजूने मध्ये पडले. हत्ती बाजूस राहिला आणि माणसांतच जुंपली. संभाजी भोसल्याने दत्ताजी जाधवास ठार केले. मुलगा पडल्याचे कळताच लखुजी माघारी फिरले आणि त्यांनी संभाजीस ठार केले. या झटापटीत शहाजी सासऱ्याच्याच हातून जखमी झाले.

या प्रसंगात सर्वांत अधिक कोणाचे गेले? जिजाबाईंचा सख्खा भाऊ मारला गेला. मारणारा चुलत दीर. तो दीरही मारला गेला, मारणारे वडील. पती जखमी झाले, तेही वडिलांच्याच हातून. एका बिथरलेल्या जनावराच्या पायी माहेर आणि सासर यांच्यामध्ये रक्ताची रेघ ओढली गेली. भाऊबंदकीच्या आमच्या परंपरेत असे एक निमित्त दोन घराण्यांना शंभर वर्षे पुरले असते.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाही. लखुजी निजामशाही सोडून मोगलांस मिळाले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मलिक अंबराची मोगल आणि आदिलशाही या जोडफौजांशी गाठ पडली. त्या लढाईत शहाजी मलिक अंबराच्या बाजूने होते आणि लखुजी मोगलांच्या. शहाजींचे धाकटे बंधू शरीफजी तेथे कामास आले. पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीत परतले. परंतु दरबाराचा त्यांच्यावरील विश्वास उडालेला होता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यास गेले असता लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व रघुजी आणि नातू यशवंतराव या चौघांची कत्तल करण्यात आली. हा यशवंतराव म्हणजे हत्तीच्या झटापटीत पडलेल्या दत्ताजीचा मुलगा.

या तारखेशेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहावी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दोन्ही तारखांत सात महिन्यांचेही अंतर नाही. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि एक भाचा एका दिवशी गेल्याची वार्ता जिजाबाईंना गरोदरपणी ऐकावी लागली. त्याच सुमारास दख्खनमध्ये १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. माहेरची उरलीसुरली माणसे मोगलांच्या आश्रयास गेली. पती आज या बाजूस तर उद्या त्या बाजूस, अशा धुमश्चक्रीत. सूडाची शपथ घेण्यास याहून मोठे कारण कोणते असू शकेल?

सूड घ्यावयाचा तो कोणाचा, हाही प्रश्न काळाने लवकरच निकालात काढला. ज्या निजामशहाने ही कत्तल करविली त्याला त्याच्याच वजिराने, मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान याने, तीनचार वर्षांच्या आत संपविले. आणि १६३३ मध्ये शहाजीराजांनी काय केले? निजामशाही घराण्यातील एका लहान मुलास त्यांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने मोगलांशी झुंज दिली. ज्या गादीने सासऱ्यास मारले तीच गादी जावयाने मांडीवर धरली, असे म्हणावयास हरकत नाही. वरवर पाहता हे विचित्र वाटते. परंतु मारणारा निराळा होता आणि तो मुलगा निराळा होता. आणि त्या घटकेला दख्खनवर येत असलेले संकट मोगलांचे होते. हा प्रयत्न १६३६ मध्ये माहुली येथे संपला आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. तरी त्यातील दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. कालच्या अपराधाकडे पाहत बसल्याने आजचा शत्रू दिसेनासा होतो, ही चूक त्यांनी केली नाही.

जिजाबाई मुलास घेऊन पुण्यास आल्या तेव्हा पुणे म्हणजे उजाड माळ होता. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविल्याचे सांगतात. त्याच भूमीवर पुढे सोन्याचा नांगर फिरविल्याची परंपरा आहे, आणि कसब्याच्या गणपतीशी जिजाबाईंचे नाव जोडलेले आहे. नांगर सोन्याचा होता की नव्हता, हा वाद आम्ही घालू इच्छीत नाही. मुद्दा असा की पुणे कोणी जाळले याचा शोध घेत फिरण्याऐवजी तेथे बी पेरणे, माणसे वसविणे, जमिनीची व्यवस्था लावणे हे काम हाती घेतले गेले. शेतकऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. गेल्या वर्षीची गारपीट कितीही जिवास लागलेली असो, मृगाचा पाऊस पडला की तिफण बाहेर काढावीच लागते. त्या दिवशी रडत बसलेल्या माणसाचे दुसरेही वर्ष जाते.

येथे कोणी म्हणेल, की जिजाबाईंनी सर्व विसरून क्षमा केली असे चित्र तुम्ही रंगवीत आहात. तसे आम्ही म्हणत नाही. कारण पुरावा तसा नाही. त्यांचा थोरला मुलगा संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात १६५५ च्या सुमारास मारला गेला, आणि अफजलखानाच्या दगलबाजीमुळे तो गेला असे मानले जात होते. १६५९ मध्ये तोच खान स्वराज्यावर चालून आला. तेव्हा मातेने शिवाजीराजांना आशीर्वाद देताना संभाजीचे उसने फेडून घेण्यास सांगितले, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत लिहितो. म्हणजे आठवण बुजलेली नव्हती. परंतु एवढे मात्र पाहावे, की त्या मधल्या वर्षांत या दुःखापायी कोणतीही मोहीम काढली गेली नाही. किल्ले घेणे, जावळी घेणे, कोकणात उतरणे ही कामे आपल्या क्रमाने चालू राहिली. खान स्वतः बारा हजारांच्या वर फौज घेऊन दारात आला, तेव्हा जुने येणे आणि आजची गरज एका ठिकाणी आली. वहीत नोंद ठेवणे वेगळे आणि रोज सकाळी उठून तीच वही वाचणे वेगळे. जिजाबाईंनी नोंद ठेवली. दिवसाचा कारभार त्या नोंदीच्या हाती दिला नाही.

शिवाय त्या थोरल्या मुलाचे नाव पाहावे. संभाजी हेच नाव त्यांच्या भावास ठार मारणाऱ्या चुलत दिराचेही होते. पुढे नातवाचे नावही तेच ठेवले गेले. भावाचा मारेकरी ज्या नावाने ओळखला जाई, त्याच नावाने या बाईंनी आयुष्यभर आपल्या लेकराला आणि नातवाला हाक मारली. आणि भोसल्यांच्या घरात जाधवांची मुलगी पुन्हा सून म्हणून आली; शिवाजी महाराजांच्या राणी काशीबाई या जाधव घराण्यातील होत्या. ज्या दोन घरांमध्ये हत्तीने रक्ताची रेघ ओढली होती, त्या घरांत पुन्हा अक्षता पडल्या. राग खरोखर ओसरला की नाही याची परीक्षा आमच्या समाजात शब्दांनी होत नाही; सोयरीक होते की नाही, पंगतीस बसतात की नाही, यावरून होते.

१६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. जिजाबाई सती जावयास निघाल्या, आणि पुत्राने गळ्याशी पडून त्यांना परावृत्त केले, ही हकीकतही सभासदाने दिलेली आहे. त्या काळच्या कुलीन स्त्रीच्या दृष्टीने सती जाणे म्हणजे झालेल्या गोष्टीशी स्वतःस कायमचे बांधून घेणे. त्या थांबल्या, आणि नंतर दहा वर्षे जगल्या. ती दहा वर्षे कशी गेली? ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर महाबळेश्वरी त्यांची सुवर्णतुला झाली. १६६६ मध्ये राजे आग्र्यास गेले आणि कैदेत पडले, त्या काळात राज्य जिजाबाईंच्या देखरेखीखाली चालले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि १७ जून रोजी पाचाड येथे देह ठेवला. चितेपासून मागे फिरल्या नसत्या तर यांतले काहीच त्यांच्या वाट्यास आले नसते, आणि राज्यासही आग्र्याच्या संकटात तो आधार मिळाला नसता.

आता दुसऱ्या भांडणाकडे वळू.

दौलताबादेस मारल्या गेलेल्या अचलोजींच्या वंशात धनाजी जाधव झाले, असे घराण्याची वंशावळ सांगते. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते मराठ्यांचे सेनापती झाले. औरंगजेबाशी चाललेल्या त्या दीर्घ युद्धात भोसल्यांची गादी राखण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांत धनाजींचे नाव अगदी वरचे. १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी ते शाहू महाराजांस मिळाले, आणि त्यामुळेच शाहूंची बाजू भक्कम झाली. हत्तीचे भांडण जपले गेले असते तर भोसल्यांच्या मदतीस जाधवांचा हा वंशज उभा राहता काय, याचा विचार आपणच करावा. जिजाबाईंनी खाली ठेवलेल्या ओझ्याचे हे फळ होते, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसतीस वर्षांनी हाती आले.

धनाजी १७०८ मध्ये वारले आणि सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांस मिळाले. धनाजींच्या पदरी बाळाजी विश्वनाथ नावाचे एक हुशार कारकून होते. शाहू महाराजांनी त्यांचा अधिकार वाढविला. वडिलांच्या कारकुनाने आपल्या बरोबरीस बसावे हे चंद्रसेनास सहन झाले नाही. मनात अढी बसली आणि अढीस निमित्त हवे होते. १७११ मध्ये दोघेही एका मोहिमेवर असता शिकारीत एक हरीण उठले. ते कोणाचे, यावरून बाळाजींचा स्वार आणि सेनापतींची माणसे यांत तंटा झाला. तंटा धन्यांपर्यंत गेला, तलवारी निघाल्या, आणि बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले. शाहू महाराजांनी बाळाजींची बाजू घेतली. चंद्रसेन चिडून आधी ताराबाईंच्या पक्षास गेले, आणि पुढे निजामुल्मुल्काच्या चाकरीत शिरले. निजामाने त्यांस भालकीची जहागीर दिली.

चंद्रसेनास दुखविले गेले नव्हते असे आम्ही म्हणत नाही. सेनापतीच्या मुलास कारकुनाचा उत्कर्ष बोचावा हे माणसाच्या स्वभावास धरूनच होते, आणि महाराजांनी त्यांची समजूत अधिक चांगल्या रीतीने घालावयास हवी होती, असेही म्हणता येईल. परंतु अपमान हत्तीच्या वेळच्या रक्तापुढे किती लहान होता! जिजाबाईंचे चौघे एका दिवशी गेले. चंद्रसेनाचे एक हरीण गेले. तरी वैर जपले गेले ते हरणाचे. जखम किती मोठी आहे यावर ती किती काळ वाहील हे ठरत नाही. तिला रोज कोणी हात लावतो काय, यावर पुष्कळ अवलंबून असते.

या जपलेल्या वैराचा हिशेब कोठे चुकता झाला पाहा. चंद्रसेनाचे पुत्र रामचंद्र जाधव हेही निजामाकडेच राहिले. १७५७ मध्ये पेशवे आणि निजाम यांच्यात युद्ध पेटले. पेशवे होते बाळाजी बाजीराव, म्हणजे त्याच बाळाजी विश्वनाथांचे नातू. डिसेंबर महिन्यात मराठ्यांच्या फौजेने रामचंद्र जाधवांस कोंडले. फौजेचे नाव विश्वासरावांचे, आणि प्रत्यक्ष पराक्रम दत्ताजी शिंद्यांचा. जाधवांस कोंडले ते ठिकाण म्हणजे सिंदखेड. त्यांच्या सुटकेसाठी निजामअली धावून आला, आणि त्या परिसरात अनेक दिवस लढाई झाली. शेवटी साखरखेर्डा येथे तह होऊन निजामाने पंचवीस लक्षांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला दिला. मराठ्यांचा विजय झाला खरा. परंतु ज्या गावी शिवछत्रपतींची माता जन्मली, त्या गावास मराठ्यांनीच वेढा घालावा, आणि आत कोंडलेला सरदार तिच्याच माहेरचा असावा, या विजयात आनंद मानावा तो किती? १७११ चे हरीण शेहेचाळीस वर्षे धावत धावत शेवटी सिंदखेडच्या वेशीपाशी येऊन पडले.

इतिहासाला एकच कारण कधी नसते. निजामाचे राजकारण, चौथाईचे वाद, पेशव्यांची वाढती सत्ता ही सर्व कारणे त्यामागे होती, आणि त्यांना डावलून सारा दोष एका हरणावर टाकणे हे पोरकटपणाचे होईल. परंतु जाधव घराण्याचा वंशज त्या दिवशी वेढ्याच्या आत का होता आणि बाहेर का नव्हता, एवढ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की माग त्या शिकारीपर्यंतच जातो.

एक धोका मात्र येथे स्पष्टपणे सांगितला पाहिजे. ‘मागचे सोडून द्या’ हा उपदेश पुष्कळदा बलवान माणूस दुबळ्याला करीत असतो. ज्याचा धुरा अजून रोज नांगराखाली जात आहे, ज्याची मजुरी अजून बुडविली जात आहे, त्याला हा उपदेश करण्याचा कोणासही अधिकार नाही. कारण त्याचे दुःख मागचे नव्हेच, ते आजचे आहे. आजच्या अन्यायाशी आजच झगडले पाहिजे, जसे अफजलखानाशी झगडले गेले. सोडावयाचे ते एवढेच, की जे खरोखर संपलेले आहे, ज्याचे करणारे मरून गेले आहेत, आणि तरीही जे आपण रोज ऊन करून मुलांना वाढतो.

इतिहासाच्या व्याख्यानांच्या बाबतीतही आम्हांस हीच काळजी वाटते. मंडपात बसून जुन्या लढायांची वर्णने ऐकताना मुठी आवळल्या जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु उठून घरी जाताना श्रोत्याने बरोबर काय नेले? मेलेल्या माणसांचा राग जिवंत शेजाऱ्यासाठी तो घेऊन जात असेल, तर आम्ही इतिहास सांगितला नाही, नवे हरीण उठविले, असे होईल.

बारा जानेवारीस सिंदखेडराजाला हजारो माणसे जिजाबाईंच्या जन्मस्थानी जमतात. त्याच गावात लखुजींची समाधी आहे. पुढच्या खेपेस जाल तेव्हा दोन्ही ठिकाणे पाहून या. समाधीपाशी उभे राहून दौलताबादेची ती जुलैतली तारीख आठवा, वाड्यापाशी येऊन शिवनेरीवरची फेब्रुवारीतली तारीख आठवा, आणि मधले सात महिने एका बाईने कसे काढले असतील याचा थोडा विचार करा. मग परतीच्या वाटेवर, ज्या भावकीच्या घरापुढून आपण वर्षानुवर्षे मान वळवून जातो, तेथे एकदा थांबता आले तर पाहावे. पाणी मागून प्यावे. एवढे जमले तर तारीख पुढे ढकलण्यासाठी वकिलाकडे जाण्याची कदाचित गरजही उरणार नाही.